बॅटरी पुरेल तेवढं जग

तबकडी अण्णा चामराजपेटच्या बाहेर जात नसत. अगदीच नसत असं नाही. भाजीला मार्केटपर्यंत जात, औषधाच्या दुकानात जात, शनिवारी मारुतीला जात. पण देवळातसुद्धा त्यांचा एक डोळा मारुतीवर नि दुसरा देवळातल्या ट्यूबलाइटवर असायचा. करंट गेला की घरातल्या यूपीएसची बॅटरी जेवढा वेळ तग धरेल, तेवढ्यात पायी परत पोचता आलं पाहिजे, हा त्यांचा हिशेब. पोचायचं आणि दुसरी बॅटरी जोडायची. ती जोडणं जगात फक्त आपल्यालाच येतं, असा त्यांचा समज होता. नवी बॅटरी आणली की अण्णांचं जग जरासं पसरायचं, ती म्हातारी झाली की पुन्हा आकसायचं. एकदा नव्या बॅटरीच्या जोरावर ते लालबागेत जाऊन आले, तर त्या प्रवासाचं वर्णन मला पुढे कितीतरी शनिवार ऐकावं लागलं.

हे सगळं कशासाठी, तर एका कॉम्प्युटरसाठी. पुढच्याच खोलीत, लाल कोब्याच्या जमिनीवर एक जड टेबल, आणि त्यावर पार पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर. तो कधीही बंद नसायचा. पडद्यावर म्हणाल तर काही नाही, डाव्या कोपऱ्यात एक हिरवी रेघ लुकलुकत असायची. पण आवाज! दिवसरात्र घर्रर्र, घर्रर्र. त्या घरात बोलायचं तर त्या आवाजाच्या वर बोलावं लागे. पहिल्या दिवशी मला तर बाप्पा, शेजारी पिठाची गिरणी असेल असंच वाटलं होतं.

मी मूळची नागपूरची. नोकरीपायी इथे आले. राहते जे. पी. नगरला आणि ऑफिस हेब्बाळला, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. ज्यांना बेंगळुरू ठाऊक आहे ते एवढं वाचूनच माझ्यासाठी हळहळतील. माझ्या वडिलांनी एक दिवस त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कुरिअरने पाठवून दिली. मोहल्ल्यातल्या गणपतीसाठी त्यांनी लिहिलेली नाटकं तिच्यात होती, आणि ती डिस्क काही केल्या सुरू होत नव्हती. "तू कॉम्प्युटरवाली ना? मग काढून दे," असा हुकूम. मी ऑफिसात जे करते त्याचा नि या लोखंडी डबीचा काडीचा संबंध नाही, हे बाबांना कोण समजावणार! शेवटी जुने कॉम्प्युटर जमवण्याचं वेड असलेल्या एका सहकाऱ्याने पत्ता दिला. "म्हातारा तिरसट आहे, पण मराठी आहे. तुझं जमेल," म्हणाला.

तिरसट? अहो, मी दारात उभी राहून "नमस्कार" म्हणाले तर "आधी चप्पल काढ, मग धूळ झटक, मग बोल," हे स्वागत. अण्णा सडसडीत, उंच, डोक्यावर लोकरी टोपी. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं कोण जाणे, पण मराठी अजून घट्ट धरून ठेवलेली, तिच्यात कानडी शब्द मुरलेले. मी नागपूरची म्हटल्यावर त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. त्या दिवसापासून मी 'नागपूर'. "आलीस काय गं नागपूर? बस की."

बाबांची डिस्क त्यांनी हातात घेतली, वजन केल्यासारखी खालीवर केली. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसले. हार्ड डिस्कच्या पोटात चकचकीत तबकड्या असतात, त्या गरागरा फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई अधांतरी सरकत जाते. डिस्क फार दिवस बंद राहिली की ती सुई तबकडीला चिकटून बसते. मग करंट द्या, आदळा, आपटा, तबकडी हलत नाही. लोक म्हणतात मेली. अण्णा म्हणायचे, "मेली नाहीये. रुसलीय."

रुसवा काढायची त्यांची पद्धत ठरलेली. केस वाळवायच्या यंत्राने डिस्कला स्वल्प ऊब द्यायची, "बाळंतिणीच्या पाठीला देतात तेवढीच." मग ती दोन्ही तळव्यांत आडवी धरायची, करंट द्यायचा आणि नेमक्या त्याच क्षणी मनगटाला एक आडवा झटका. जोराचा नाही. पाळणा हलवताना पहिला झोका देतात ना, तेवढा. बाबांच्या डिस्कने पहिल्या झटक्याला नुसतं 'टिक' केलं, दुसऱ्याला ती सूं करत फिरायला लागली. "आयतु! झालं," म्हणून अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की टाळ्या वाजवण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. विनय हा गुण त्यांच्या आसपास कधी फिरकला नव्हता. "बेंगळुरात हे करणारा दुसरा कोण असेल तर घेऊन ये, त्याला माझ्या हाताने जेवायला वाढतो," हे त्यांनी दर शनिवारी नव्या माणसाला ऐकवलं.

हो, दर शनिवारी. कारण मी जातच राहिले. नाटकं मिळाली, बाबा खूश झाले, तिथे माझं काम संपलं होतं. पण आठवडाभर हिंदी-इंग्रजीत मान हलवून दमलेल्या मला मराठीत कुणीतरी रागावणारं हवं होतं बहुतेक. तिथे हेब्बाळकडची, व्हाइटफील्डकडची पोरं आपापले पुराणे कॉम्प्युटर उरापोटावर धरून यायची. अण्णा त्यांना झापायचे, डिस्क जाग्या करून द्यायचे, आणि जाताना प्रत्येकाला तेच वाक्य, "आता बंद करू नको बघ. बंद करायला काय, कुणालाही येतं. सुरू करून दाखव."

तिथेच अक्का भेटल्या. अण्णांची बायको. ठेंगण्या, गोऱ्या, आणि बोलायला लागल्या की त्या घर्रर्रवरही सहज मात करणाऱ्या. त्या पिवळ्या कॉम्प्युटरात काय आहे हे मला त्यांनीच सांगितलं.

अक्का रेशमी साड्यांचे काठ काढायच्या. तरुणपणापासून, चौकटीच्या कागदावर, एकेक चौकोन भरत. पोपट, आंबा, हंस, रुद्राक्ष. विणकर ते काठ मागावर चढवायचे. पुढे अण्णांनी हौसेने कॉम्प्युटर आणला आणि रोज कारखान्यातून आल्यावर बायकोच्या कागदावरचा एकेक चौकोन त्यात उतरवला. ते दोघांचे सुखाचे दिवस असावेत, कारण त्याबद्दल सांगताना अक्का अण्णांना एकही टोमणा मारायच्या नाहीत. कागद काही विणकरांकडे गेले, काही वाळवीने खाल्ले. उरलं ते त्या डिस्कमध्ये. मग एकदा कॉम्प्युटर बंद असताना तीच डिस्क रुसली. अण्णांनी कशीबशी सुरू केली, पण त्यात त्यांना घाम फुटला. तेव्हापासून त्यांनी ती बंद केलीच नाही.

"पुन्हा रुसली तर पुन्हा कराल की सुरू," मी म्हटलं. "जगाच्या डिस्क करताच ना."

"जगाच्या जगाच्या असतात गं नागपूर. ही हिची आहे. हात कापतो."

मी कॉम्प्युटरवाली, मला वाटलं यात काय एवढं! मागे वायर लावायला जुनं भोक होतं. तशी वायर मिळवून आणली. म्हटलं, अण्णा, यंत्र बंदही करायचं नाही, यातनं सगळं हळूहळू माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ. अण्णांनी वायर उलटसुलट पाहिली, कौतुक केलं, आणि खुंटीला टांगून ठेवली. "स्वल्प थांब," म्हणाले. पुढच्या शनिवारी, "स्वल्प थांब." त्याच्या पुढच्या, तेच. शेवटी मी चिडून विचारलं, काहून थांबायचं? तेव्हा म्हणाले, "सगळं उतरवायचं म्हणजे सुईला सगळीकडं फिरवायला लागणार. वर्षानुवर्षं ती एका जागी आहे. जिथं गेली नाही तिथं कशाला पाठवायची? वाटेत पडली म्हणजे?"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अण्णांनी ती डिस्क इतकी वर्षं फिरती ठेवली होती, पण तिच्यातलं काहीही उघडून पाहिलं नव्हतं. एक पोपटसुद्धा नाही. झिजेल म्हणून. काठ आत आहेत की कधीच पुसले गेलेत, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्या न पाहिलेल्या काठांच्या राखणीला दोन माणसं बसली होती.

दोन, कारण अण्णा जात नाहीत म्हणजे अक्काही नाहीत. त्या एकट्या कुठे जायला तयार नसत, अण्णा हलत नसत. मुलीच्या लग्नाची गोष्ट अक्का मला इतक्या वेळा सांगत की मीच तिथे होते असं मला वाटायला लागलं. कार्यालय घरापासून दोन गल्ल्या सोडून घेतलेलं, का ते सांगायला नको. ऐन कन्यादानाला करंट गेला. भटजींनी पाणी सोडा म्हणून सांगितलं आणि पाहतात तो वधूपिता पाटावर नाही! अण्णा सोवळं सावरत रस्त्याने धावत सुटलेले. बॅटरी बदलून आले तोवर मुलगी पाटावर, जावई पाटावर, भटजी तोच मंत्र घोळवताहेत. "पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं सासरी जायचं म्हणून," अक्का म्हणायच्या. अण्णा त्यावर ऐकूच आलं नाही असं दाखवत. ते खरं तर घर्रर्रमुळे शक्यही होतं.

एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "परवा औषधाच्या दुकानात एक बाई दिसली गं. माझा हंसाचा काठ नेसली होती. तिरुपतीला जाऊन आलो म्हणत होती. माझे काठ सगळीकडं फिरून येतात बघ. मीच तेवढी इथं."

त्यांची ती मुलगी हुबळीला दिलेली. बऱ्याच उशिरा, खूप दवाखाने करून, तिला मुलगी झाली. बाळंतपण तिथेच झालं, अक्कांना जाता आलं नाही, आणि तेव्हा मात्र त्या मुलीने हट्ट धरला. फोन स्पीकरवर होता, मी समोरच बसले होते. "अण्णा, पाळण्याच्या दोरीला तुमचा हात लागल्याशिवाय मी हिचं नाव ठेवणार नाही. किती दिवस लागू देत." अण्णा म्हणाले, "सरी, सरी, येतो." दोन्ही 'सरी', म्हणजे 'बरं', इतक्या झटपट आले की मी नि अक्कांनी एकमेकींकडे पाहिलं.

मग नवी बॅटरी आल्यावर येतो. मग पावसाळ्यात करंट फार जातो, तो संपल्यावर येतो. मग शेजारचा माणूस लक्ष ठेवायला तयार झाला, पण त्याचे हात ओले असतात. मूल पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, रांगायला लागलं, आणि नाव नाही. हुबळीत सगळे तिला नुसतं 'पुट्टी', म्हणजे छोटी, म्हणत. दवाखान्याच्या कागदावर तिच्या नावाच्या जागी आईचंच नाव लिहीत, आणि हे सांगताना अक्कांचा आवाज पहिल्यांदा त्या घर्रर्रच्या खाली गेला. मला अण्णांचा असा राग आला म्हणता! आणि त्याच दिवशी ऑफिसातून माझी सुट्टी तिसऱ्यांदा नामंजूर झाली होती आणि मी 'ओके' लिहून पाठवलं होतं. भैताड म्हणून घेण्याच्या लायकीची मीही होतेच.

तो शनिवार मला स्वच्छ आठवतो. दुपारची वेळ. अण्णा कुणाच्या तरी डिस्कला ऊब देत बसलेले. अक्का आतून आल्या. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीतून बाळाचं लोकरीचं टोपडं डोकावत होतं.

"अहो, माझा पोपटाचा काठ दाखवा."

"आता? कशाला?"

"मला बघायचाय."

"नको गं. झिजतं ते."

"मग आहे काय त्यात?"

"तुझं सगळं आहे."

"बघायचं नाही, दाखवायचं नाही, सोडून जायचं नाही. असलं कसलं माझं सगळं?" असं म्हणून अक्का टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

घर्रर्र आधी जाड झाला, मग बारीक, मग कण्हल्यासारखा, आणि थांबला. त्या घरात शांतता कशी असते हे मला ठाऊकच नव्हतं. शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली. रस्त्यावर एक रिक्षावाला कुणाशी तरी मीटरवरून भांडत होता. हे सगळे आवाज इतकी वर्षं तिथेच असणार.

अण्णा ओरडले नाहीत. ते उभे राहिले, खाली बसले, पुन्हा उभे राहिले. "काय केलंस हे," एवढंच. मग डिस्क सोडवून त्यांनी टेबलावर घेतली, वायर जोडल्या, ऊब दिली, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. टोक जागेवर टेकेना. मी वायर धरल्या. झटका दिला. नुसतं टिक. पुन्हा ऊब, पुन्हा झटका. टिक. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. अण्णांनी ती दोन्ही तळव्यांत तशीच धरून ठेवली आणि म्हणाले, "मेली."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं. अक्कांना नाही आलं. त्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या, बसताना गुडघे कुरकुरले.

"अहो, इकडं बघा. मी त्या डबीत नाही. मी ही इथं बसलेय, तुमच्यासमोर. पोपट पाहिजे तुम्हाला? कागद आणा, काढून देते. बोटं आहेत अजून." मग पिशवी जवळ ओढत, "उद्याची सकाळची गाडी आहे. नागपूर, तू पण चल. हे वाटेतनं परत फिरतील, मला एकटीला आवरायचे नाहीत."

मी ऑफिसला कळवलं नाही, विचारलंही नाही. गेले.

गाडीत अण्णा बायकोपासून लांब, माझ्या शेजारी येऊन बसले. मांडीवर डिस्क, ती अक्कांच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. तुमकूर गेलं, अरसीकेरे गेलं. बाहेर नारळाच्या बागा नि लाल माती. प्रत्येक स्टेशनवर ते उठून दारापर्यंत जायचे, आणि गाडी हलली की परत येऊन बसायचे. एकदा माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, इतकं लांब पाय गेल्यावर परत यायला किती वेळ लागेल, त्याचा हिशेबच लागेना झालाय." चेहरा अगदी हरवलेल्या पोरासारखा. माझा सगळा राग तिथेच विरघळला. अक्का खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होत्या, डोळे मिटायलाही तयार नव्हत्या.

त्यानंतर ते दोघं हुबळीलाच राहिले. चामराजपेटचं घर सोडलं. अक्का पुन्हा चौकटीचा कागद घेऊन बसतात, पण जुने काठ काढत नाहीत, "ते झाले की एकदा," म्हणतात. ती डिस्क माझ्याकडे आहे. अण्णांनीच दिली. "हात नको लावू बघ," म्हणाले, मग म्हणाले, "लाव. काय व्हायचंय आता." मी लावलेला नाही. मी अजून जे. पी. नगरलाच राहते, अजून हेब्बाळला जाते. सुटायचं सगळ्यांनाच जमतं असं थोडंच आहे! आत्ता हातातलं टाकलं तर सगळं कोसळेल, असं मीही दर महिन्याला स्वतःला सांगते, आणि सांगताना मला कानात तो घर्रर्र ऐकू येतो.

पण अण्णा म्हटलं की मला आठवतं ते हुबळीतलं बारसं. पाळणा फुलांनी सजवलेला, त्यात ती चांगली मोठी झालेली पुट्टी कडा धरून उभी राहायला बघतेय, बायका हसताहेत. अण्णांच्या हातात दोरी दिली. पहिला झोका त्यांनी दिला, तोच तो मनगटाचा आडवा, हलका. आणि करंट गेला.

पंखे थांबले. माइक बंद पडला. खोलीत एकाएकी अशी शांतता झाली की कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या त्याही ऐकू आल्या. मुलीने वडिलांकडे पाहिलं. जावयाने पाहिलं. मी दाराशी होते, मी नकळत दाराच्या मध्ये सरकले. अण्णांचा हात थांबला. त्यांची मान वर गेली, बंद पडलेल्या पंख्याकडे. पायांची चुळबुळ झाली, एक टाच उचलली गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

अक्का पाळण्याच्या पलीकडे बसल्या होत्या.

अण्णांनी टाच खाली टेकवली. "येईल की करंट," ते म्हणाले, "आत्याबाई, थांबलात का? नाव घ्या." आणि त्यांनी दुसरा झोका दिला.

आत्याने वाकून बाळाच्या कानात 'तुंगा' म्हटलं. करंट आला तोवर पेढे वाटून झाले होते, आणि अण्णा अजून पाळणा हलवत होते.